वाघदेवाला घातलेला वळसा

उंबरीपाड्यात दोघांचं जुंपलं की तिसरा म्हणायचा, "कशाला घसा कोरडा करता? दलसिंगच्या वहीत बघा." मग दोघं भांडत भांडतच दलसिंग पावऱ्याच्या ओट्यावर यायचे. दलसिंग कपाळाला आठी न घालता पत्र्याची पेटी उघडायचा, नेमकी वही काढायचा आणि वाचून दाखवायचा. कोणाचा जन्म कोणत्या बाजाराच्या वारी झाला, कोणाचं लग्न कोणत्या साली लागलं, कोणाचं वावर कोणत्या महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडापाशी संपतं, हे सगळं त्या वह्यांत होतं. वाचून झालं की भांडण संपायचं. कोर्टातही इतक्या लवकर संपत नाही, आणि तिथून दोघंही हसत घरी जात नाहीत.

पाडा धडगावच्या वरच्या अंगाला, सातपुड्यात. दलसिंग आश्रमशाळेतून दहावी झाला. पुढे लोणखेड्याच्या कॉलेजात सहा महिने काढले, तेवढ्यात बाप महूच्या झाडावरून पडला आणि शिक्षण तिथेच थांबलं. पण अक्षर राहिलं. तीस वर्षांत त्याने सव्वीस वह्या भरल्या. पाड्याच्या वनहक्क समितीचा तो सचिव, कारण दुसऱ्या कोणाचं नावच कोणाच्या तोंडी आलं नाही.

त्याच्या वहीची एक रीत होती आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. चूक झाली तर तो खोडायचा नाही. मजकुरावर एक आडवी रेघ, खालचं वाचता यावं अशी. शेजारी दोन शब्द: "माझी चूक." खाली त्याची सही आणि दोन साक्षीदारांचे अंगठे. सव्वीस वह्यांत अशा एकेचाळीस चुका होत्या आणि लोकांचा विश्वास बसला होता तो त्या एकेचाळीस चुकांमुळेच. चूक कबूल करणारा माणूस खोटं कशाला लिहील, असा पाड्याचा साधा हिशेब.

सरकारदरबारी मात्र वहीला कोण विचारतो? पाड्याच्या जमिनीचा दावा तीनदा खाली तालुक्याला गेला. एकदा तो हरवला. एकदा परत आला तो दुसऱ्याच गावाचा नकाशा पोटात घेऊन. तिसऱ्यांदा पानंच बदललेली निघाली. बावन्नपैकी अकरा घरं गायब. कोणी बदलली, कधी बदलली, ताकास तूर लागली नाही. त्या दिवशी दलसिंग डोंगर चढून घरी आला आणि जेवला नाही. बायको गुलाबबाईला म्हणाला, "एकदा लिहिलं की देवालासुद्धा बदलता येणार नाही, असं कुठे लिहून मिळतं का?"

माणसाने मागावं ते जरा जपून मागावं.

दोन वर्षांनी संध्या मॅडम आल्या. एका मोठ्या संस्थेचा प्रयोग होता, ब्लॉकचेनवर जमिनीच्या नोंदी करण्याचा, आणि त्यासाठी डोंगरातले सात पाडे निवडले होते. मॅडम मनाने चांगल्या. पाड्यापर्यंत चालत आल्या, ज्वारीची भाकरी खाल्ली आणि आंब्याखाली बसून नीट समजावून सांगितलं. एक नोंद दुसरीला बांधलेली असते, दुसरी तिसरीला. त्या माळेच्या शेकडो प्रती शेकडो संगणकांत ठेवलेल्या असतात. कोणी एका ठिकाणी खाडाखोड केली तर बाकीच्या प्रती लगेच सांगतात, हे खोटं आहे. तालुक्याचा साहेब असो की मंत्री, झालेली नोंद कोणालाही पुसता येत नाही.

"म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," दलसिंग म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते.

म्हातारा करमसिंग, पाड्याचा पुजारा, इतका वेळ विडी विझवून ऐकत होता. तो पावरी बोलीत म्हणाला, "माणूस चुकला तर पंचात उभा राहून कान धरतो. हे कान कुठे धरतं?"

सगळे हसले. मॅडमना कोणीतरी मराठीत करून सांगितलं, त्याही हसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, दुरुस्तीची सोय आहे. जुनी नोंद तशीच राहते, तिच्यापुढे नवी जोडायची, कारण देऊन." दलसिंगला हे ऐकून आणखी आनंद झाला. ही तर आपल्याच वहीची रीत. त्याने ग्रामसभेत घसा खरवडून बाजू मांडली. जे दोन-चार लोक कां-कूं करत होते, त्यांच्या घरी जाऊन त्यांना पटवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. पण तेव्हा हात दाखवताना माणसाला फार बरं वाटत असतं.

शीव मोजायचा दिवस पौषात ठरला. निम्मा पाडा तेव्हा गुजरातेत ऊसतोडीला गेलेला. त्यातच दलसिंगची धाकटी बहीण तुळशी होती. नवरा मेल्यावर ती लेक गायत्रीला घेऊन माहेरी परत आली, तेव्हा दलसिंगने वाघदेवामागचा दीड एकराचा उतार तिला काढून दिला. बहिणीला जमीन द्यायची आमच्याकडे चाल नाही, असं गुलाबबाई भर ओट्यावर बोलली होती, आणि अर्ध्या पाड्याने ते ऐकलं होतं. दलसिंगने ते कानाआड केलं आणि वहीत लिहिलं: "वाघदेवामागचा उतार, तुळशी." तिथे ती मका लावायची, बर्टीचं भरडधान्य पेरायची आणि वर्षाचे सात महिने त्यावर काढायची. उरलेले पाच महिने कोयता.

जाताना ती म्हणाली होती, "मोजणीला मी नसेन, दादा. पण तू आहेस."

मोजणीच्या सकाळी मॅडमनी जीपीएसचं यंत्र दलसिंगच्या हातात दिलं. शिवेवरून चालत जायचं, यंत्र दर दहा पावलांवर आपोआप खूण करणार. मागे करमसिंग पुजारा आणि शेजारचा भिला, साक्षीला. आदल्या दिवशी दलसिंगने सव्विसावी वही कापडात बांधून पेटीत ठेवली होती. शेवटची ओळ अशी: "यापुढची नोंद यंत्रात." ती लिहिताना त्याला लेक सासरी पाठवल्यासारखं झालं, पण चांगल्या घरी.

आता वाघदेवाचं सांगायला हवं. पाड्याच्या पूर्वेच्या टोकाला एका जुन्या महूखाली शेंदूर लावलेले तीन दगड आणि वाघ, चंद्र, सूर्य कोरलेली लाकडी फळी, हे त्याचं ठाणं. रीत अशी की वाघाची पाठ बघायची नाही. मागून कोणी जात नाही. समोरून जायचं, चपला हातात घेऊन, मान खाली घालून. ज्यांची वावरं मागे, ते खालच्या नाल्यातून चढून जातात. खरी शीव देवाच्या मागून जाते हे शेंबड्या पोरालाही माहीत. शीव चालताना वाडवडील देवापुढून वळसा घेत आणि पलीकडे पुन्हा शिवेला लागत. तोंडाने म्हणत, "वळसा, शीव मागे." दलसिंगही दर वेळी वहीत तेच लिहायचा.

त्या सकाळी तो देवापाशी आला, चपला काढल्या, एका हातात चपला, दुसऱ्या हातात यंत्र, मान खाली, आणि देवापुढून गेला. करमसिंग मागून पुटपुटला, "वळसा, शीव मागे." भिलाने मान हलवली. यंत्राने दर दहा पावलांवर खूण केली. त्याला कान नव्हते.

दुपारी मॅडमनी पडद्यावर हिरवी रेघ दाखवली. पूर्वेच्या टोकाला ती आत दबली होती. दलसिंगने ते पाहिलं. होय, पाहिलं, आणि पुढे हे पाहणंच त्याच्या जिवाला लागलं. त्याला वाटलं, वा, वळसासुद्धा टिपला पठ्ठ्याने. म्हणजे शीव मागे आहे हे यालाही कळलं असणार. त्याच्या वहीला कळायचं, पाड्याला कळायचं, मग इतक्या हुशार यंत्राला कसं नाही कळणार? त्याने अंगठा ठेवला. करमसिंगने ठेवला, भिलाने ठेवला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

उन्हाळ्यात तुळशी ऊसतोडीहून परतली. त्याच्या पुढच्या वर्षी, वैशाखात, तिच्या उतारावर चुन्याच्या रेघा पडल्या. रोपवनासाठी चर खणायला माणसं आली होती. मुकादम सभ्य होता. त्याने मोबाइल काढून नकाशा दाखवला. हिरव्या रेघेच्या आत पाड्याचं, बाहेर जंगलाचं. तुळशीचं वावर सगळंच्या सगळं बाहेर. दलसिंगचं स्वतःचं वावर मात्र, देवाच्या अलीकडचं, कोपऱ्यापर्यंत आत.

तुळशी भावाकडे पळत आली. "दादा, हे काय?"

उतारावर जाऊन दलसिंगने मुकादमाच्या मोबाइलवरचा नकाशा एकदाच पाहिला आणि तो बहिणीकडे वळला. "देवाला वळसा घातला गं. यंत्राला वळसा कळला नाही."

तिने ऐकलं. त्या वेळी तिने विश्वास ठेवला, असं त्याला वाटलं.

लोकांनी मात्र ठेवला नाही. करमसिंग आदल्या पावसाळ्यातच वारला होता. भिला म्हणाला, "आम्ही काय, दलसिंगच्या मागे चाललो. रेघ त्याच्या हातात होती." हे खरंच होतं. मग लोक एकेक धागा जोडू लागले. स्वतःचं आत आणि बहिणीचंच नेमकं बाहेर? दहावी शिकलेल्याला पडद्यावरचा खड्डा दिसला नाही? गुलाबबाई काय बोलली होती आठवतं ना? आता बाहेर, मग मागून दुरुस्ती करून स्वतःच्या नावावर? कोणीतरी म्हणालं, वही बघा. दलसिंगने वही काढली. त्यात त्या दिवसाचं काही नव्हतंच. होती ती एवढी एक ओळ, "यापुढची नोंद यंत्रात." ती वाचून सुरुपसिंग नावाचा समितीतला एक जण हसला. दलसिंगच्या वहीवर माणूस हसला, असं तीस वर्षांत घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सव्वीस वह्या पिशवीत भरून दलसिंग बाजाराच्या गावी गेला. तिथे प्रकल्पाचं नोंद केंद्र होतं. चालवणारा धर्मेंद्र शहाद्याकडचा, अहिराणी बोलणारा, बोलायला मोकळा. त्याने वह्या चाळल्या, मान डोलावली, आणि बाजूला ठेवल्या.

"अक्षर मस्त शे, दलसिंगभाऊ. पन वहीमा तं मांगून कोनीबी काहीबी लिखी टाकस. आठे चालत नई."

"मंग दुरुस्ती कर. मॅडम बोलनी व्हती, सोय शे."

"सोय शे ना." धर्मेंद्रने पडदा त्याच्याकडे फिरवला. दुरुस्ती जोडायची तर कारण निवडावं लागतं, आणि कारणं आधीच ठरलेली. कोणी मेलं असेल, वारस लागला असेल, कोर्टाचा हुकूम आला असेल, यातलं काही नव्हतं. उरली दोन. यंत्रात बिघाड होता, हे एक. धर्मेंद्रने मोठ्या उमेदीने त्यावर बोट ठेवलं. पडदा क्षणभर फिरला आणि नकार आला. मोजणीच्या दिवशी यंत्र ठणठणीत असल्याची नोंद यंत्रानेच करून ठेवली होती, आणि तीही पुसता येणार नव्हती.

शेवटचं कारण असं होतं: "नोंद करणाऱ्याने खोटी माहिती दिल्याची कबुली."

"मी खोटं नई सांगेल शे," दलसिंग म्हणाला. "देवले वळसा घाला, बस. वळसाना कारन लिख."

"यादीमा वळसा नई शे, भाऊ."

"'इतर' व्हई ना? कागदवर ऱ्हास, 'इतर'."

"'इतर' नई शे. 'इतर' ठेवं तं लोके काहीबी लिखतस, अशे त्या म्हनतस."

धर्मेंद्रने मॅडमना फोन लावला. त्या आता दुसऱ्या जिल्ह्यात होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांना खरोखर वाईट वाटलं. पुढच्या आवृत्तीत या गोष्टीचा नक्की विचार करू, म्हणाल्या. चर खणणारे सोमवारी पुन्हा येणार होते. पुढची आवृत्ती कधी येणार, ते मॅडमनाही माहीत नव्हतं.

दलसिंग बाकावर बसला. बाहेर आमचूर विकायला आलेल्या बायांची रांग होती. एकेचाळीस वेळा त्याने स्वतःच्या हाताने "माझी चूक" लिहिलं होतं, एकदाही तो कचरला नव्हता. कारण ती चूक होती. ही चूक नव्हती, ही कबुली होती. चुकणारा आणि लबाडी करणारा, या दोघांत त्याच्या वहीत एक अख्खा डोंगर होता. या पडद्यावर दोघांना एकाच खणात बसायचं होतं.

"हाई कोन वाची?" त्याने विचारलं.

"बठ्ठी दुन्या वाची सकस. म्हनीसन तं इस्वास शे." धर्मेंद्र हे शिकवल्यासारखं बोलून गेला, मग त्यालाच कसंसं झालं असावं. हलक्या आवाजात म्हणाला, "इचार करी ले, भाऊ. हाई मांगे लेता येत नई."

दलसिंगने विचार केला. पण विचार कसला करायचा? एका बाजूला त्याचं नाव, दुसऱ्या बाजूला तुळशीचा दीड एकर. नावाने पोट भरत नाही, आणि दीड एकराने कोणाची पोटं भरतात हेही तो जाणून होता. त्याने धोतराला बोट पुसलं आणि अंगठा ठेवला. पडद्यावर हिरवी बरोबरची खूण उमटली. खोटं बोलल्याबद्दल त्याला आयुष्यात पहिल्यांदा बरोबरची खूण मिळाली, आणि त्या क्षणापर्यंत तो खोटं बोललाच नव्हता.

काम मात्र झालं, हे सांगायलाच हवं. सोमवारी कोणी आलं नाही. एकोणिसाव्या दिवशी नवी रेघ देवाच्या मागून गेली आणि तुळशीचा उतार आत आला. चार चर आधीच खणून झाले होते, ते तिने हाताने बुजवले.

मग बाकीचं सुरू झालं. कबुली दिलेल्या माणसाला सचिव राहता येत नाही, असा नियम निघाला. सुरुपसिंग सचिव झाला. आता भांडणं दलसिंगच्या ओट्यावर येईनाशी झाली. लोक त्याला वाईट बोलत नव्हते, उलट जरा जास्तच जपून बोलत, पाहुण्याशी बोलावं तसं. तो आला की जमिनीचा विषय बदलायचा. नंदुरबारला प्रकल्पाचा मोठा कार्यक्रम झाला. पहिल्या दोन वर्षांतच या पद्धतीने एका गावातली खोटी नोंद उघडकीस आणली, असं तिथे पडद्यावर दाखवलं. नाव दाखवलं नाही. नावाची गरजही नव्हती, सात पाड्यांत ते सगळ्यांना पाठ होतं. दलसिंग त्या दिवशी वाघदेवाकडे गेला आणि नुसताच समोर बसून आला. काय मागायचं ते त्याला सुचलं नाही.

भादव्यात मका तयार झाला. एका सकाळी तुळशी टोपलीभर कणसं घेऊन भावाच्या ओट्यावर आली, सोबत गायत्री. पोरगी आता म्हसावदला राहून बारावी करत होती, मोबाइल सतत हातात. बोलणं अर्थातच पावरीतलं. इथे मराठीत उतरवताना त्याची धार थोडी गेली आहे, आणि गेली ते बरंच झालं.

"नव्या मक्याचं पहिलं तुझ्याकडे," तुळशी म्हणाली. ती ओट्याच्या कडेला बसली. बराच वेळ कणसाची साल सोलत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "दादा, गायत्रीने मला मोबाइलवर वाचून दाखवलं. तुझं. अंगठ्यासकट."

दलसिंगने टोपलीतलं एक कणीस उचललं.

"मला राग नाही. खरंच नाही. तू मागितलं असतंस तर अर्धा उतार मीच परत दिला असता, तुझाच होता तो. माणसाला मोह होतो. शेवटी कबूल केलंस, माझं वावर परत दिलंस, एवढं कोण करतं?" तिने साल बाजूला टाकली. "पण देवावर का ढकललंस रे? वळसा घातला म्हणालास. मी ते खरं मानलं. वाघदेवापुढे कोंबडं कापलं मी, त्याने माझं वावर खाल्लं म्हणून माफी मागून. तेवढं मात्र मला लागलं."

दलसिंगला वाटलं, सांगून टाकावं. पंचात उभं राहून, सव्वीस वह्यांवर हात ठेवून, वाघाच्या फळीवर हात ठेवून सांगावं, तुळशे, वळसा खरा होता गं, खोटा तो अंगठा आहे. त्याने तोंड उघडलं.

गायत्री मोबाइलवर बोट फिरवत होती. मामाला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "मामा, आता काळजी नाही. इथे खाली लिहिलंय बघ. कबुली मागे घेतली किंवा खोटी निघाली तरच दुरुस्ती रद्द होते. नाहीतर जमीन कायमची आईची."

दलसिंगने तोंड मिटलं. त्याने पोरीकडे पाहिलं, मग बहिणीच्या हातांकडे. चर बुजवताना फुटलेल्या घट्ट्यांचे वण अजून गेले नव्हते.

"हो, तुळशे," तो म्हणाला. "माझी चूक."

ती उठली, पदराने डोळे पुसले, लहानपणी करायची तसा त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाली, "झालं गेलं." मग टोपली रिकामी करून लेकीसोबत खालच्या नाल्याच्या वाटेला लागली, कारण वाघदेवाच्या मागून कोणी जात नाही.